जेमवर कार्यालयीन खरेदी करताना या चुका टाळा

केंद्र सरकारने ९ ऑगस्ट २०१६ रोजी गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस, म्हणजे कार्यालयांत ज्याला सगळेच नुसते ‘जेम’ म्हणतात ते सरकारी खरेदीचे पोर्टल, सुरू केले. ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी, अनेक दशके दरकरार ठरवत आलेले पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय बंद झाले. महाराष्ट्राने १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाने कार्यालयीन खरेदीची सुधारित नियमपुस्तिका दिली आणि २०१७ मध्ये जेमही स्वीकारले. एवढ्या वर्षांनंतरही लेखापरीक्षणाचे आक्षेप वाचताना तीच चार-पाच वाक्ये पुन्हा पुन्हा भेटतात. नियम समजत नाहीत म्हणून हे होते असे मला वाटत नाही. टिपणी लिहिण्याआधी लॉगिन करण्याची घाई हेच बहुतेक वेळा कारण असते.

मागणीचे तुकडे पाडू नका. थेट खरेदीच्या मर्यादेच्या आत बसावे म्हणून सोमवारी दहा खुर्च्या आणि गुरुवारी पुन्हा दहा खुर्च्या घेतल्या, तर पोर्टलवर दोन्ही ऑर्डर तारखेसह कायमच्या राहतात आणि लेखापरीक्षकाला त्या शोधायला पाच मिनिटेही लागत नाहीत. केंद्राच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतील नियम १४९ ने हे स्पष्ट शब्दांत निषिद्ध केले आहे आणि राज्याच्या नियमपुस्तिकेचाही रोख तोच आहे. थेट खरेदीची (तुलना न करता घेण्याची) व तुलना करून घेण्याची रकमेची मर्यादा वेळोवेळी बदलत आली आहे. म्हणून शेजारच्या टेबलावर विचारलेला आकडा वापरू नये. लागू असलेल्या ताज्या आदेशाची प्रत नस्तीतच, म्हणजे फाईलमध्येच, लावावी.

तीन विक्रेते म्हणजे तुलना नव्हे

ही चूक इतकी सर्रास होते की आता ती चूक वाटेनाशी झाली आहे. थेट खरेदीच्या मर्यादेवरील आणि तुलनेच्या मर्यादेपर्यंतच्या खरेदीत किमान तीन वेगवेगळ्या उत्पादकांच्या, गरजेस उतरणाऱ्या मालातून सर्वांत कमी दराचा माल घ्यावा, असे नियम १४९ सांगतो. प्रत्यक्षात तुलनात्मक तक्त्यात तीन विक्रेत्यांची नावे असतात, पण तिघेही एकाच कंपनीचा एकच प्रिंटर विकत असतात. विक्रेते तीन असले तरी उत्पादक एकच असल्याने तो तक्ता नियमाच्या कसोटीला उतरत नाही. तक्त्यात ‘उत्पादक’ असा स्वतंत्र रकाना असला की ही गफलत सही करणाऱ्याला आपोआप दिसते, आणि तो रकाना नसलेला तक्ता मी सरळ परत पाठवतो.

याच चुकीचे अधिक चलाख रूप पोर्टलवरील गाळणीच्या, म्हणजे फिल्टरच्या, रकान्यांत सापडते. रॅमपासून हमीच्या वर्षांपर्यंत एकेका रकान्यात खूण करत गेले की शेवटी पडद्यावर नेमके हवे तेच मॉडेल उरते, आणि मग “पोर्टलनेच हे दाखवले” असे टिपणीत लिहिले जाते. पोर्टल विचारले तेवढेच दाखवते. म्हणून कोणती वैशिष्ट्ये कशासाठी लागतात हे लॉगिनपूर्वी कागदावर लिहून, वरिष्ठांची मान्यता घेऊन मगच गाळणी लावावी, असा माझा शिरस्ता आहे. त्याला एक दिवस जास्त लागतो, हे उतावळ्या नवशिक्यांना पटत नाही. आक्षेपाच्या अनुपालनात किती महिने जातात ते त्यांनी एकदा पाहावे.

दराचा वाजवीपणा तपासण्याची जबाबदारीही खरेदी करणाऱ्यावरच आहे. जेमवरचा सर्वांत कमी दर बाजारभावापेक्षा कमी असेलच असे नाही. मागील खरेदीचा दर आणि स्थानिक बाजारातील दर टिपणीत शेजारी शेजारी लिहावेत.

खोकी न उघडता माल स्वीकारणे

माल पोहोचला की कन्साइनीने म्हणजे माल ताब्यात घेणाऱ्याने आधी पीआरसी, म्हणजे तात्पुरती पोच, द्यायची असते. त्यानंतर तपासणी करून सीआरएसी, म्हणजे माल मिळाला व स्वीकारला असे प्रमाणपत्र, द्यायचे असते. पहिल्याचा अर्थ ‘खोकी मिळाली’ एवढाच आहे. दुसऱ्याने मात्र शासनाची देणेदारी पक्की होते. तपासणीसाठी दहा दिवस असतात, आणि त्या मुदतीत स्वीकार किंवा नकार काहीच नोंदवले नाही, तर माल स्वीकारला असे धरले जाऊ शकते. हे शेवटचे वाक्य प्रत्येक भांडारपालाने टेबलावरील काचेखाली लावावे.

एका जिल्हास्तरीय कार्यालयाचे प्रकरण मी जवळून पाहिले आहे. स्कॅनरची ऑर्डर होती आणि माल मार्चच्या मध्यास आला. भांडारपाल रजेवर होते. खोकी सभागृहाच्या कोपऱ्यात रचली गेली आणि त्यांच्यावर बैठकीची बॅनरे ठेवली गेली. कन्साइनीचा पासवर्ड संगणकचालकाच्या वहीत लिहिलेला होता. पुरवठादाराच्या प्रतिनिधीने दूरध्वनी केल्यावर संगणकचालकाने खोक्यांची संख्या मोजून पीआरसी काढून दिली, आणि काम झाले असे समजून तो पुढच्या कामाला लागला. मुदत उलटली, माल स्वीकारला गेला आणि वर्षअखेरच्या गडबडीत देयकही पारित झाले.

एप्रिलमध्ये खोकी उघडली तेव्हा काही स्कॅनर मागवलेल्या मॉडेलपेक्षा खालच्या प्रतीचे निघाले. कागदाचा ट्रे नसलेले, एकेक पान काचेवर ठेवून घेणारे. कार्यालयाने पत्र लिहिले. पुरवठादाराने स्वीकृतीचे प्रमाणपत्र जोडून एका ओळीचे उत्तर पाठवले, आणि कागदोपत्री त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. पुढचा पत्रव्यवहार नवे आर्थिक वर्ष सरत आले तरी चालू होता. साठा नोंदवहीत मात्र सगळे स्कॅनर मागणीनुसार मिळाल्याची नोंद होती, कारण नोंद देयकावरून केली होती, वस्तू पाहून नव्हे. लेखापरीक्षणाचा खरा आक्षेप या नोंदीवर होता.

यावर माझा उपाय साधा आहे. पीआरसी निघाली त्याच दिवशी दोन जणांची तपासणी समिती लेखी आदेशाने नेमायची आणि सातव्या दिवसापर्यंत अहवाल मागायचा. प्रत्येक खोक्यावरील व वस्तूवरील अनुक्रमांक ऑर्डरशी ताडून, छायाचित्रासह नस्तीत ठेवायचे. तपासणीत खोट निघाल्यास मुदतीच्या आत पोर्टलवरच कारणासह माल नाकारायचा. दूरध्वनीवर “बदलून देतो” असे मिळालेले आश्वासन मुदत थांबवत नाही.

दुसऱ्याच्या अटी उचलणे

बिड, म्हणजे पोर्टलवरची निविदा, काढताना जादा अटींची पीडीएफ दुसऱ्या कार्यालयाकडून मागवून जशीच्या तशी चढवणे हा तर रिवाजच झाला आहे. शेजारच्या जिल्ह्याचे नाव तळटीपेत राहिलेल्या अटी मी पाहिल्या आहेत, आणि वातानुकूलन यंत्रांच्या बिडमध्ये छपाईच्या कागदाची जाडीही वाचली आहे. हसण्यापलीकडचा धोका असा की अशा उसन्या अटींत बहुधा निषिद्ध अट दडलेली असते. अमुक एकाच विभागात काम केल्याचा अनुभव मागणे, पात्रतेसाठी कागदपत्रे प्रत्यक्ष आणून देण्याची सक्ती करणे, भारतीय मानक उपलब्ध असताना समकक्षाचा उल्लेख न करता केवळ परदेशी प्रमाणपत्र मागणे, अशा अटी जेमच्या बिड दस्तऐवजाखालील सूचनेनुसारच निरर्थक ठरतात. ती सूचना प्रत्येक बिडच्या शेवटी छापलेली असते आणि ती वाचणारा मला क्वचितच भेटतो. त्यामुळे अटी स्वतः लिहाव्यात. पाच अटी पुरत असतील तर पाचच लिहाव्यात.

पोर्टलवर मालाचा नेमका वर्ग उपलब्ध असताना ‘कस्टम बिड’, म्हणजे वैशिष्ट्ये स्वतः लिहून काढलेले बिड, काढू नये. तेही त्याच सूचनेत आले आहे.

अडीच लाखांवरील करारात जीएसटीची २ टक्के उद्गम कपात (टीडीएस) विसरू नये. देयक परत येण्याचे ते अगदी ठरलेले कारण आहे.

मार्चमध्ये बिड काढू नये, असे म्हणणे व्यवहार्य नाही, कारण निधीच कधीकधी फेब्रुवारीत हाती पडतो. पण वैशिष्ट्ये, बाजारभाव आणि प्रशासकीय मान्यतेचा मसुदा डिसेंबरात तयार ठेवायला निधी लागत नाही.

शेवटचा मुद्दा लॉगिनचा. खरेदीदार, कन्साइनी आणि देयक अदा करणारा यांच्या भूमिका मुद्दाम वेगळ्या ठेवलेल्या आहेत, आणि तिन्हींचे पासवर्ड एकाच संगणकचालकाकडे देणे म्हणजे स्वतःची सही त्याच्या स्वाधीन करणे होय. बदली झालेल्या अधिकाऱ्याचे खाते तसेच चालू ठेवून त्यावरून ऑर्डर देणे हा त्याहून गंभीर प्रकार आहे. कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत तपासणी बाकी असलेल्या, देयक प्रलंबित असलेल्या व वाद चालू असलेल्या ऑर्डर क्रमांकांसह लिहाव्यात. नव्या अधिकाऱ्याने पहिल्याच आठवड्यात स्वतःच्या नावाचे खाते उघडून, कोणत्या ऑर्डरची मुदत कधी संपते ते स्वतः पाहावे.