परदेशात कमी खर्चात फिरावे कसे: बेत आखण्यापासून परतीच्या दिवसापर्यंत

परदेशप्रवासातील काटकसर बहुतेक जण तिथे पोहोचल्यावर सुरू करतात. एखादी कॉफी टाळतात, टॅक्सी सोडून पायी जातात, संग्रहालयाच्या दारावरचा तिकिटाचा दर वाचून मागे फिरतात. तोवर खर्चाचा मोठा भाग ठरून गेलेला असतो. विमानाचे तिकीट, मुक्कामाची जागा आणि एका शहरातून दुसऱ्या शहरात जाण्याचे भाडे या तीन बाबी अंदाजपत्रकाचा बहुतांश हिस्सा घेतात, आणि त्या तिन्ही बऱ्याच अंशी घर सोडण्यापूर्वीच पक्क्या होतात. म्हणून पुढील पायऱ्या निर्णय ज्या क्रमाने घ्यावे लागतात त्या क्रमाने दिल्या आहेत, आणि सुरुवातीच्या पायऱ्यांना अधिक जागा दिली आहे.

पहिली पायरी: देश आणि दिवस ठरवणे

देश निवडताना विमानभाड्याकडे पाहिले जाते, परंतु भाडे एकदाच द्यावे लागते आणि तिथला दैनंदिन खर्च दररोज. स्वित्झर्लंड, नॉर्वे किंवा आइसलँड येथे स्वस्त तिकिटाने पोहोचलेल्या प्रवाशाची बचत मुक्काम आणि जेवण यांत दोन-चार दिवसांत संपून जाऊ शकते; उलट व्हिएतनाम किंवा जॉर्जियासारख्या देशात तिकीट थोडे महाग पडले, तरी दोन आठवड्यांच्या सहलीचा एकूण हिशेब कमी येऊ शकतो. त्यामुळे कागदावर दोन आकडे मांडावेत: जाण्यायेण्याचा एकरकमी खर्च, आणि दिवसाचा खर्च गुणिले दिवसांची संख्या. सहल जितकी लांब, तितके दुसऱ्या आकड्याचे वजन वाढते.

तारखा हा दुसरा मोठा निर्णय. ऐन हंगामाच्या अलीकडचे आणि पलीकडचे आठवडे सर्वांत फायद्याचे असतात. भूमध्य समुद्राच्या काठावरील देशांत मे महिन्यात किंवा सप्टेंबरच्या अखेरीस हवा उत्तम असते, आणि जुलै-ऑगस्टमधील गर्दी व दर दोन्ही नसतात. त्याचबरोबर त्या ठिकाणचे सण, सुट्ट्या आणि मोठी संमेलने तपासावीत. जपानमध्ये एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ‘गोल्डन वीक’च्या सुट्ट्या असतात आणि सारा देशच प्रवासाला निघतो, म्युनिकमध्ये ऑक्टोबरफेस्टच्या काळात खोल्यांचे दर कित्येक पटींनी चढतात, बार्सिलोनात मोबाइल उद्योगाचे जागतिक प्रदर्शन असले की साधी खोली मिळणेही अवघड होते. तारीख चार दिवस पुढेमागे केल्याने जी बचत होते, ती पुढे पंधरा दिवस पोट मारूनही होत नाही.

दुसरी पायरी: ठिकाणे कमी करणे

या लेखातील एकच सूचना पाळायची असेल, तर ही पाळावी. दहा दिवसांत पाच शहरे पाहणारा प्रवासी पाच शहरांच्या मुक्कामाबरोबर चार स्थलांतरांचेही पैसे भरत असतो, आणि स्थलांतराचा खर्च तिकिटापुरता नसतो. स्थानकापर्यंत जाणे, सामान ठेवण्याचे भाडे, वाटेतले महागडे खाणे, नव्या शहरात रस्ते ठाऊक नसल्यामुळे घ्यावी लागलेली टॅक्सी, आणि जवळजवळ अर्धा दिवस. शिवाय एकेका रात्रीचा मुक्काम सर्वांत महाग पडतो. अनेक घरमालक आठवड्याच्या मुक्कामावर सूट देतात, आणि सफाईचे एकरकमी शुल्क असेल तर ते एका रात्रीऐवजी सात रात्रींवर विभागले जाते. एका जागी सात दिवस राहणाऱ्याला स्वयंपाकघर वापरता येते, आठवड्याचा प्रवासी पास घेता येतो, आणि तिसऱ्या दिवशी त्या भागातील रहिवासी कुठे जेवतात हेही कळलेले असते.

दोन शहरे पाहायची ठरल्यास एका शहरात उतरून दुसऱ्या शहरातून परत येणारे तिकीट शोधावे. असे तिकीट पुष्कळदा नेहमीच्या येण्याजाण्याच्या तिकिटाइतक्याच किमतीत मिळते, आणि परतीच्या विमानासाठी पहिल्या शहरात पुन्हा येण्याचा खर्च व दिवस वाचतो. आसपासची लहान गावे पाहायची असतील, तर मुक्काम न हलवता सकाळी जाऊन संध्याकाळी परतावे.

तिसरी पायरी: तिकीट आणि कागदपत्रे

विमानभाड्यांची तुलना करणाऱ्या संकेतस्थळावर दिसणारा दर हा अंतिम दर नसतो. स्वस्त विमान कंपन्यांच्या भाड्यात बहुधा एक लहान पिशवी तेवढी मोफत असते. मोठे सामान आणि आसनाची निवड यांचे पैसे वेगळे असतात, काही कंपन्या विमानतळावर बोर्डिंग पास छापून देण्याचेही पैसे घेतात, आणि सामानाचे शुल्क ऐन वेळी भरल्यास ते आगाऊ शुल्कापेक्षा बरेच जास्त असते. म्हणून कंपनीने दिलेली मापे घेऊन पिशवी घरीच मोजावी आणि वजन करावे. विमानतळ नक्की कुठे आहे हेही पाहावे. पॅरिसच्या नावाने विकले जाणारे बोव्हे विमानतळ शहरापासून सुमारे ८५ किलोमीटरवर आहे आणि फ्रँकफर्ट-हान हे फ्रँकफर्टपासून सुमारे १२० किलोमीटरवर. तिथून शहरात येण्याचे बसभाडे आणि लागणारे तास तिकिटात मिळवल्यावर मुख्य विमानतळाचे तिकीट कित्येकदा बरोबरीला येते.

दर शोधण्यासाठी तुलना संकेतस्थळे वापरावीत, पण तिकीट शक्यतो विमान कंपनीकडूनच घ्यावे, कारण उड्डाण रद्द झाले किंवा तारीख बदलावी लागली तर मध्यस्थामुळे परताव्याला विलंब होतो. अमेरिकेला जाणाऱ्या किंवा तिथून निघणाऱ्या विमानाचे तिकीट उड्डाणाच्या किमान ७ दिवस आधी थेट कंपनीकडून घेतले असेल, तर पहिल्या २४ तासांत दंडाशिवाय रद्द करण्याची किंवा पैसे न भरता तोच दर राखून ठेवण्याची सोय कंपनीला द्यावी लागते. युरोपीय संघात २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमानुसार विमान रद्द झाल्यास किंवा फार उशीर झाल्यास प्रवाशाला जेवण, गरजेप्रमाणे मुक्काम आणि काही परिस्थितीत नुकसानभरपाईही मिळते. हा हक्क मागितल्याशिवाय सहसा पदरात पडत नाही. दोन वेगवेगळी तिकिटे जोडून प्रवास करण्यात बचत असते, परंतु पहिले विमान उशिरा आल्यामुळे दुसरे चुकले तर त्याची जबाबदारी कोणीही घेत नाही. मध्ये भरपूर वेळ, शक्य तर एक रात्र असेल तरच हा मार्ग धरावा.

व्हिसा किंवा प्रवेशपरवान्याचा अर्ज त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरून किंवा सरकारने नेमलेल्या केंद्रातूनच करावा. सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी अनेक खासगी पाने त्याच अर्जासाठी दुप्पट-तिप्पट रक्कम घेतात. पासपोर्टची मुदतही आताच पाहावी: पुष्कळ देश सहा महिने शिल्लक असण्याची अट घालतात, तर शेंगेन क्षेत्रासाठी (एका व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांचा गट) तिथून निघण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने मुदत हवी आणि पासपोर्ट गेल्या दहा वर्षांतच दिलेला हवा. विमानतळावरून परत पाठवले जाण्याइतका महाग प्रसंग प्रवासात दुसरा नाही.

चौथी पायरी: मुक्काम

खोल्यांची तुलना सफाई शुल्क आणि पर्यटन कर धरून, सगळ्या रात्रींच्या एकूण रकमेवर करावी. युरोपातील अनेक शहरांत हा कर माणशी, प्रत्येक रात्रीचा, आणि प्रत्यक्ष तिथे भरावा लागतो. मध्यवर्ती भागात खोली घेण्याचा हट्ट सोडून मेट्रो स्थानकापासून चालत पाच-दहा मिनिटांवरची जागा पाहावी, मात्र शेवटची गाडी किती वाजता सुटते ते विचारून घ्यावे. रद्द करता येण्याजोगी खोली लवकर राखून ठेवावी आणि निघण्यापूर्वी एकदोनदा दर पुन्हा पाहावेत. दर उतरले असतील तर नवी खोली घेऊन जुनी सोडता येते. हॉस्टेलमध्ये सामायिक खोल्यांबरोबर स्वतंत्र खोल्याही असतात, आणि ब्रिटनमधील अनेक विद्यापीठे उन्हाळ्याच्या सुट्टीत विद्यार्थ्यांच्या खोल्या प्रवाशांना भाड्याने देतात.

पाचवी पायरी: चलन आणि कार्ड

सर्वांत नकळत होणारे नुकसान इथे असते. परदेशात कार्ड वापरताना दुकानातील यंत्र किंवा एटीएम विचारते की पैसे स्थानिक चलनात घ्यायचे की तुमच्या देशाच्या चलनात. ओळखीचे चलन पाहून मन तिकडे वळते, पण ते निवडल्यास रूपांतराचा दर त्या यंत्राचा चालक ठरवतो आणि त्यात स्वतःचा नफा मिळवतो. प्रत्येक वेळी, अपवाद न करता, स्थानिक चलन निवडावे. एटीएमवर ‘रूपांतर नाकारा’ असा पर्याय दिसला तर तोच दाबावा. व्यवहार रद्द होत नाही, रक्कम तुमच्याच बँकेच्या दराने वळती होते. युरोपीय संघात एप्रिल २०२० पासून असे रूपांतर करणाऱ्याला युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दरापेक्षा आपण किती टक्के जास्त घेत आहोत हे दाखवावे लागते. तो आकडा एकदा वाचला की पुढे सांगावे लागत नाही.

निघण्यापूर्वी आपल्या बँकेला तीन प्रश्न विचारावेत: परकीय चलनातील खरेदीवर किती टक्के शुल्क, एटीएममधून रोकड काढण्यावर किती शुल्क, आणि असे शुल्क नसलेले कार्ड मिळते का. थायलंडसारख्या देशात स्थानिक बँकाही परदेशी कार्डावर दर वेळी ठरावीक शुल्क लावतात, म्हणून तिथे थोडीथोडी रोकड अनेकदा काढण्याऐवजी मोठी रक्कम एकदाच काढावी. क्रेडिट कार्डावरून रोकड मात्र काढू नये, कारण त्यावर सहसा पहिल्या दिवसापासून व्याज लागते. विमानतळावरील चलन-विनिमयाच्या खिडकीवर फार तर पहिल्या दिवसापुरते पैसे बदलावेत. ‘कमिशन नाही’ ही पाटी पाहून भुलू नये, कारण खरेदी आणि विक्री यांच्या दरांतील अंतरातच कमिशन बसवलेले असते. दोन कार्डे वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवावीत.

सहावी पायरी: तिथे पोहोचल्यावर

विमानतळावरून शहरात जाण्यासाठी सर्वाधिक जाहिरात असलेली गाडी बहुधा सर्वांत महाग असते. लंडनच्या हीथ्रो विमानतळावरून ‘हीथ्रो एक्स्प्रेस’खेरीज एलिझाबेथ लाइन आणि पिकॅडिली लाइनही शहरात जातात; पिकॅडिलीला वेळ जास्त लागतो, पण भाड्यातील फरक मोठा आहे. त्याच शहरात संपर्करहित (कॉन्टॅक्टलेस) कार्डाने प्रवास केल्यास दिवसाच्या आणि सोमवार ते रविवार या आठवड्याच्या भाड्याला कमाल मर्यादा आहे, मात्र त्यासाठी प्रत्येक वेळी तेच कार्ड किंवा तोच फोन टेकवावा लागतो. लक्झेंबर्गमध्ये २०२० पासून सार्वजनिक वाहतूक सर्वांनाच मोफत आहे.

पास घेण्यापूर्वी बेरीज करावी. जपान रेल पासचे दर ऑक्टोबर २०२३ मध्ये बरेच वाढले. सात दिवसांचा साधा पास २९,६५० येनवरून ५०,००० येनवर गेला, आणि पूर्वी डोळे झाकून घेतला जाणारा हा पास आता अनेकांसाठी सुट्या तिकिटांपेक्षा महाग ठरतो. संग्रहालयांच्या एकत्रित कार्डांचेही तसेच आहे: ज्या ठिकाणी खरोखर जाणार आहात त्यांच्याच तिकिटांची बेरीज धरावी, यादीतील सगळ्यांची नव्हे. ब्रिटिश म्युझियम आणि वॉशिंग्टनमधील स्मिथसोनियनची बहुतेक संग्रहालये मोफत आहेत, माद्रिदच्या प्रादो कलासंग्रहालयात शेवटच्या दोन तासांत तिकीट लागत नाही, आणि न्यूयॉर्कमधील स्टेटन आयलंडची फुकट बोट स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यासमोरून जाते. मात्र ज्या एका वास्तूसाठी वा चित्रासाठी एवढ्या दूर आलात, तिचे तिकीट पूर्ण दराने घ्यावे लागले तरी घ्यावे.

मुख्य जेवण दुपारी घ्यावे. स्पेन आणि फ्रान्समध्ये दुपारी ठरावीक पदार्थांचे जेवण एका दरात मिळते, आणि त्याच उपाहारगृहात रात्री तेच पदार्थ महाग पडतात. इटलीत बिलामध्ये ‘कोपेर्तो’ नावाचे बैठकीचे शुल्क असते. उभ्याने कॉफी घेतली तर ती स्वस्त मिळते. रोममधील रस्त्यांवरच्या नळांचे पाणी पिण्यायोग्य असते, त्यामुळे तिथे रिकामी बाटली जवळ असली की पुरते.

फोनवरील रोमिंग विमानात बसण्यापूर्वी बंद करावे, नकाशे आधीच उतरवून घ्यावेत आणि स्थानिक सिम किंवा ई-सिम वापरावे. युरोपीय संघातील एका देशात घेतलेले सिम २०१७ पासून संघातील इतर देशांत सहसा जादा दराशिवाय चालते. स्वित्झर्लंड मात्र संघात नाही.

जिथे हात आखडू नये

प्रवासी विमा टाळून केलेली बचत एका अपघातात सहलीच्या खर्चाच्या कित्येक पटींनी अंगावर येऊ शकते. विम्याच्या कागदावर रुग्णालयाचा खर्च, आजारी माणसाला मायदेशी आणण्याचा खर्च आणि तुम्ही करणार असलेला खेळ, उदाहरणार्थ स्कीइंग किंवा स्कूबा डायव्हिंग, हे तिन्ही आहेत का ते वाचावे. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण बंधनकारक आहे. रात्री उशिरा अनोळखी शहरात उतरणार असाल तर अधिकृत टॅक्सीचे पैसे बाजूला ठेवावेत. तिकिटाशिवाय किंवा तिकिटावर शिक्का न मारता प्रवास करू नये. इटलीत प्रादेशिक गाडीचे कागदी तिकीट चढण्यापूर्वी यंत्रात घालावे लागते, आणि तिकीट विकत घेतले होते हे सांगून दंड टळत नाही.

शेवटचा दिवस

नाणी परत बदलून मिळत नाहीत, म्हणून शेवटच्या दोन दिवसांत ती आधी खर्च करावीत. हॉटेल मान्य करत असेल तर उरलेली रोकड बिलात देऊन बाकी रक्कम कार्डाने भरावी. प्रवासी कार्डातील शिल्लक आणि अनामत परत मिळते का ते स्थानकावरच विचारावे. करपरताव्याचे, म्हणजे खरेदीवर भरलेला कर पर्यटकाला परत मिळण्याचे, कागद घेतले असतील तर सामान विमान कंपनीकडे सोपवण्यापूर्वी सीमाशुल्क खिडकीवर जावे, कारण अधिकारी वस्तू पाहायला मागू शकतात. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये दुकानातून स्वतः नेलेल्या वस्तूंवरील हा परतावा २०२१ पासून बंद आहे. घरी आल्यावर महिनाभर कार्डाचे विवरण पाहत राहावे. हॉटेलने किंवा गाडी भाड्याने देणाऱ्याने रोखून धरलेली अनामत सुटली का, आणि कुठे दोनदा रक्कम कापली गेली का, हे तिथेच कळते. तक्रारीसाठी बँकेची मुदत असते, म्हणून पावत्या तोवर जपून ठेवाव्यात.