मेट्रोनिडाझोल तोडणारे लोह-तांब्याचे नॅनोकण: बनवायचे कसे, तपासायचे कसे

हैदराबादजवळच्या पाटणचेरूत औषध कारखान्यांचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक सापडल्याचं २००७ साली प्रसिद्ध झालं. शुद्धीकरणानंतरची ही गत. म्हणून पाण्यातली प्रतिजैविकं लोह-तांब्याच्या नॅनोकणांनी तोडण्याचं काम शिकण्यासारखं आहे. सुरुवात मात्र मेट्रोनिडाझोल या प्रतिजैविकापासून करावी: त्यातला नायट्रो गट लोखंडाकडून इलेक्ट्रॉन घेऊन सहज बदलतो आणि ३२० नॅनोमीटरवरचं त्याचं प्रकाशाचं शोषण साध्या यूव्ही (अतिनील प्रकाशाच्या) यंत्रावर मोजता येतं. टेट्रासायक्लिन हे दुसरं प्रतिजैविक लोहाशी संयुग करतं, शोषणाची जागा सरकते आणि औषध गेल्याचा भास होतो.

सगळं पाणी आणि इथेनॉल आधी अर्धा तास नायट्रोजन वायूचे बुडबुडे सोडून ऑक्सिजनमुक्त करा. तीन तोंडांच्या फ्लास्कमध्ये १०० मिली पाण्यात १.३५ ग्रॅम फेरिक क्लोराइड हेक्साहायड्रेट विरघळवा. ढवळायला वरून बसणारा स्टरर हवा. चुंबकी स्टररच्या कांडीला सगळं लोखंड चिकटून बसतं. ०.७६ ग्रॅम सोडियम बोरोहायड्राइड १०० मिली थंड पाण्यात अगदी ऐनवेळी विरघळवा, कारण ते पाण्यात आपोआप संपत जातं. नायट्रोजन चालू ठेवून ते अर्ध्या तासात थेंबथेंब सोडा. पिवळं द्रावण काळं पडतं: हेच लोखंडाचे नॅनोकण. यात एकूण दीड लिटरहून जास्त हायड्रोजन निघू शकतो, तेव्हा काम फ्यूम हूडमध्येच (वायू बाहेर ओढणाऱ्या कपाटात) करा, ज्योत लांब ठेवा, फ्लास्कला गच्च बूच लावू नका. मग वीस मिनिटं ढवळत राहा.

खाली चुंबक धरून वरचं पाणी ओता. कण इथेनॉलनं तीनदा धुवा. आता लिटरला १.१ ग्रॅम मोरचूद असलेल्या द्रावणाचे १० मिली घालून दहा मिनिटं ढवळा: लोखंडाच्या सुमारे एक टक्का तांबं कणांवर बसतं आणि निळी झाक जाते. लोखंड या कामात खर्च होतं, तांबं मात्र त्या इलेक्ट्रॉनांची वाट सोपी करतं. पुन्हा धुऊन इथेनॉलमध्ये १०० मिली करा. मिलीमागे जास्तीत जास्त २.८ मिलिग्रॅम लोखंड येतं. कण उघड्यावर वाळवू नका, कोरडे झाले की हवेत पेट घेऊ शकतात. त्याच दिवशी वापरा. काळ्याची तपकिरी छटा झाली तर गंज चढला, पुन्हा करा.

चाचणीसाठी लिटरला २० मिलिग्रॅम मेट्रोनिडाझोलचं, ऑक्सिजनमुक्त केलेलं २५० मिली द्रावण घ्या, पीएच ५ ते ६. कणांची बाटली जोरात हलवून तिच्यातलं ९ मिली मिश्रण लगेच त्यात घाला. न हलवता घेतलंत तर पिपेटमध्ये नुसतं इथेनॉल येईल. ०, २, ५, १०, २० आणि ४० मिनिटांनी ३-३ मिली काढून ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, पहिला मिली टाकून द्या.

चुका होतात त्या इथे. फेरिक आयनही ३२०च्या आसपास शोषतो, म्हणून औषधाशिवाय तेवढंच लोखंड घातलेली बाटली शेजारी चालवा आणि तिचं शोषण वजा करा. औषध कणांना नुसतं चिकटलं असेल, तर वेगळे केलेले कण मेथॅनॉलनं धुतल्यावर ३२०चं शोषण परत दिसतं. सुरुवातीला वेग आणि मग थंडावा असेल तर पीएच पाहा: लोखंड झिजताना तो चढतो आणि कणांवर हायड्रॉक्साइडचा थर बसतो. नदीच्या पाण्यातला नायट्रेट आणि विरघळलेला ऑक्सिजनही इलेक्ट्रॉन पळवतात.

३२०चं शोषण गेलं म्हणजे नायट्रो गट गेला, रेणू संपला नाही. एकूण सेंद्रिय कार्बन जवळपास तेवढाच राहतो, म्हणून एचपीएलसीवर (मिश्रणातले पदार्थ वेगळे करून दाखवणाऱ्या यंत्रावर) नवे पदार्थ पाहिल्याशिवाय पाणी स्वच्छ झालं असं लिहू नका.

सिप्रोफ्लॉक्सॅसिनमध्ये नायट्रो गट नाही, त्याला ही रीत पुरत नाही. तिथे पीएच ३ला आणून हायड्रोजन पेरॉक्साइड घालतात, म्हणजे सेंद्रिय रेणूंवर तुटून पडणारे हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतात. त्या कामासाठी कण शेवटी पाण्यानं धुऊन लगेच वापरा. इथेनॉल राहिलं तर रॅडिकल आधी त्यालाच खातात.