अवघड गणितं जमवण्याआधी: फिजिक्स आणि कॅल्क्युलसच्या स्वअभ्यासाची तयारी

शोधाशोध सुरू करण्याआधी अवघड कशाला म्हणायचं ते ठरवून घ्या. पाच पानं आकडेमोड मागणारं गणित लांबलचक असतं, अवघड असेलच असं नाही. खरं अवघड गणित चार ओळींत मावतं, त्यातला प्रत्येक शब्द कळतो आणि तरी सुरुवात कुठून करायची ते दिसत नाही. क्लासच्या शीट्समध्ये अशी गणितं कमी मिळतात, कारण वर धड्याचं नाव छापलेलं असतं. ‘संवेग अक्षय्यता’ असं शीर्षक दिसलं की निम्मा विचार आपल्यासाठी आधीच झालेला असतो. म्हणून शोधायची ती शीर्षक नसलेली, सरमिसळ गणितं.

स्वतःची पूर्वतयारी एका बैठकीत तपासता येते. पुस्तक न उघडता साध्या लंबकाच्या आवर्तकालाचं सूत्र काढून बघा, मग एखादं इंटिग्रेशन बाय पार्ट्स करा. दोन्ही जमलं तर पुढे जा. नाही जमलं तर आधी पाठ्यपुस्तकातली सोडवलेली उदाहरणं पुरी करा.

आता साठा. फिजिक्ससाठी मॉस्कोच्या मीर प्रकाशनाचं इरोदोव यांचं ‘प्रॉब्लेम्स इन जनरल फिजिक्स’ हे पुस्तक अजूनही पहिल्या फळीत ठेवावं लागतं. त्यात सुमारे १९०० गणितं आहेत, मागे उत्तरं आहेत आणि सविस्तर सोडवणूक नाही. स्वअभ्यासाला हेच बरं. मात्र ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत करायला घेऊ नका, प्रत्येक प्रकरणातली दहा-बारा निवडा. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संकेतस्थळावर राष्ट्रीय ऑलिंपियाडच्या जुन्या प्रश्नपत्रिका उत्तरांसह मोफत मिळतात. आंतरराष्ट्रीय फिजिक्स ऑलिंपियाड १९६७ साली वॉर्साला सुरू झालं, २०१५ साली ते मुंबईत भरलं होतं. त्याच्या सगळ्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका उपलब्ध आहेत. माझं मत असं की सुरुवातीच्या दहा-पंधरा वर्षांच्या आधी घ्याव्यात. अलीकडचे प्रश्न कित्येक पानांचे असतात आणि लहान लहान उपप्रश्नांतून बोट धरून नेतात. जुने प्रश्न आखूड आहेत, वाट आपल्यालाच शोधावी लागते.

कॅल्क्युलससाठी पटनम या अमेरिकेतल्या महाविद्यालयीन गणित स्पर्धेचे प्रश्न काढून ठेवा. बारा प्रश्न, सहा तास, १२० गुण. आणि कित्येक वर्षी स्पर्धकांच्या गुणांचा मध्यक शून्य किंवा एक असतो. तेव्हा तीन दिवसांत एकच प्रश्न सुटला तरी हिरमुसू नका. १९६८ सालचा एक प्रश्न तर मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने करावाच. अंशात एक्सचा चौथा घात गुणिले (एक वजा एक्स)चा चौथा घात, छेदात एक अधिक एक्सचा वर्ग. शून्य ते एक या मर्यादांत इंटिग्रेशन करा. उत्तर येतं २२/७ वजा पाय (π). आत इंटिग्रेट होणारी राशी ऋण कधीच होत नाही, म्हणजे आपण पाचवी-सहावीपासून वापरलेला २२/७ हा पायपेक्षा मोठा आहे याची सिद्धता दोन ओळींत हातात येते.

साठ्यात दोन्ही विषय एकमेकांत गुंतलेली गणितं जरूर असू द्या. कॅल्क्युलसच्या पुस्तकांत भिंतीला टेकवलेली शिडी हमखास भेटते: तळ ठरावीक वेगाने ओढला तर वरचं टोक किती वेगाने खाली येईल? पायथॅगोरसचं समीकरण लिहून डेरिव्हेटिव्ह घेतलं की उत्तर मिळतं आणि बहुतेक जण पान उलटतात. तेच उत्तर शेवटपर्यंत नेऊन पाहा. टोक जमिनीला टेकतं त्या क्षणी त्याचा वेग अनंत होतो! डेरिव्हेटिव्ह बरोबरच आहे. टोक शेवटपर्यंत भिंतीला लागून राहतं हे गृहीतक टिकत नाही. मग पुढचा प्रश्न स्वतः तयार करा: घर्षण नाही, शिडी सर्वत्र सारखी, स्थिर अवस्थेतून सोडली, तर टोक भिंत कधी सोडेल? ऊर्जेवरून कोनीय वेग काढा, त्यावरून शिडीच्या मध्याचं आडवं त्वरण काढा. ते शून्य झालं की भिंतीचा रेटा संपला. टोक मूळ उंचीच्या दोन तृतीयांशावर आलं की हे घडतं. शिडीची लांबी, वजन, गुरुत्व त्वरण, उत्तरात काहीच उरत नाही. असं एक गणित वीस साध्या गणितांपेक्षा जास्त शिकवतं.

शिकवणारं कुणी शेजारी नसतं, त्यामुळे उत्तर पडताळण्याच्या रीती आधी हाताशी हव्यात. एककं जुळतात का ते पाहा आणि टोकाच्या किमती घालून पाहा. कप्पीवरच्या दोन वजनांपैकी एक शून्य केलं तर त्वरण मुक्त पतनाइतकं यायला हवं, दोन्ही सारखी केली तर शून्य. खालचं टोक वजनकाट्याला जेमतेम टेकेल अशी उभी टांगलेली साखळी सोडली, तर पडत असताना काटा पडून झालेल्या भागाच्या वजनाच्या तिप्पट दाखवतो. एक पट त्या भागाच्या वजनाची, उरलेली दोन पट येणाऱ्या कड्यांचा संवेग थांबवण्याची. हे दोन भाग वेगळे लिहून दाखवता आले नाहीत, तर उत्तर जुळूनही गणित झालं असं धरू नका.

वही जाड घ्या आणि खोडरबर बाजूला ठेवा. फसलेली वाट काट मारून तशीच राहू द्या. दोन बैठका पूर्ण दिल्याशिवाय उत्तर उघडायचं नाही, आणि उघडलंच तर पहिली ओळ वाचून झाकायचं. उत्तर पाहून सोडवलेल्या गणितावर खूण करून तारीख घाला आणि महिन्याने तेच गणित कोऱ्या पानावर पुन्हा मांडा. आठवड्याला चार-पाच गणितं पुष्कळ झाली. आठवड्यातून एकदा त्यातलं एक कुणाला तरी मराठीत समजावून सांगा. मित्र असो वा धाकटी बहीण, जिथे ती ‘का?’ विचारेल ती ओळ वहीत अधोरेखित करून ठेवा.