क्लचची हवा एकट्यानं काढायची तर

गॅरेजात हे दोघांचं काम असतं. एक सीटवर, एक गाडीखाली. खालचा ओरडतो "दाब", वरचा ओरडतो "दाबलं". आमच्या घरी पोरगा पुण्याला, बायकोचे गुडघे धरलेले, आणि शेजाऱ्याला बसवलं तर खालून सांगायच्या आधीच त्याचा पाय वर येतो. निपल म्हणजे क्लचच्या खालच्या सिलिंडरवरचा, हवा आणि ऑइल बाहेर सोडायचा छोटा पोकळ स्क्रू. तो उघडा असताना पेडल वर आलं की हवा परत आत. म्हणून मी एकटाच करतो. गाडी जुनी क्वालिस, तुळजापूर-अक्कलकोट-पंढरपूरच्या भाड्याची.

पेडल मऊ लागतं, रिव्हर्स टाकताना कर्रर्र होतं आणि दोन-तीनदा भराभर पंप केलं की गिअर गुमान पडतो, तेव्हा लाइनमध्ये, म्हणजे पेडलचा जोर ऑइलमधून खाली पोचवणाऱ्या नळीत, हवा आहे असं समजा. पण ही हवा आली कुठून, ते आधी बघा. ब्रेकची गोष्ट वेगळी. लायनर झिजले की तिथलं ऑइल आपोआप खाली जातं. क्लचप्लेट झिजली तर बॉनेटखालच्या क्लच ऑइलच्या टाकीतली पातळी उलट किंचित वर चढते. तेव्हा क्लचचं ऑइल कमी झालं असेल तर ते गळालंच आहे. खालच्या सिलिंडरचं, म्हणजे स्लेव्हचं रबरी बूट मागं सारून बघा. आतून पेडलच्या दांड्याजवळ बोट फिरवा, तिथं ओलं लागलं तर वरचा, पेडलनं दाबला जाणारा सिलिंडर, म्हणजे मास्टर गळतोय. गळती तशीच ठेवून हवा काढली तर आठवड्यात परत तेच.

सामान थोडकं आहे. टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचं, डॉट ३ किंवा डॉट ४, सीलबंद ब्रेक ऑइल; क्लचलाही तेच लागतं. अर्धा लिटर भरपूर झालं. आधीच उघडलेला जुना डबा वापरू नका, हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं. इंजिन ऑइलचा तर थेंबही नको, आतली रबरं फुगून वाया जातात. निपलच्या मापाचा रिंग पाना, निपलवर घट्ट बसणारी पारदर्शक नळी (माशांच्या टाकीची चालते), एक बाटली, आणि पेडल ते सीट एवढ्या लांबीची फळी. पुसायला टॉवेलचे तुकडे; सोलापुरात ते विकत घ्यावे लागत नाहीत. पाण्याची बादली मात्र आधी भरून ठेवा. हे ऑइल रंग खातं, सांडलं की लगेच पाणी ओतावं लागतं, आणि आपल्याकडं नळाला रोज पाणी नसतं.

सकाळी, इंजिन गार असताना करा. मे महिन्यात दहानंतर फरशीवर पाठ टेकवत नाही. हँडब्रेक ओढा, चाकांना विटा लावा. गाडी उचलावी लागली तर स्टँड पाहिजेच. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली एकट्यानं जायचं नाही.

आधी ऑइल पेडल न दाबता आपल्याच वजनानं खाली उतरू द्या. टाकी भरा, झाकण नुसतं वर ठेवा. निपलची टोपी काढून रिंग पाना घाला, मग नळी चढवा, कारण नळी लावल्यावर रिंग पाना आत जात नाही. बाटलीत दोन बोटं नवं ऑइल घालून नळीचं टोक त्यात बुडवा. नळी निपलपासून आधी वर चढून मग बाटलीत उतरली पाहिजे, म्हणजे बुडबुडे निपलपासून लांब जातात. निपल अर्धा आटा सैल करा आणि चहा घ्या. पण टाकीवर नजर ठेवा. टाकी रिकामी झाली की वरून नवी हवा शिरते आणि पहिल्यापासून सुरुवात. बुडबुडे थांबून स्वच्छ ऑइल आलं की निपल बंद करा. बऱ्याचदा एवढ्यावरच भागतं.

नाही भागलं तर फळी. पेडल हातानं सावकाश पूर्ण दाबायचं, फळी सीटच्या लोखंडी पायाला टेकवून अडकवायची, खाली जाऊन निपल क्षणभर उघडायचा, ऑइल थांबायच्या आत बंद करायचा. मग वर येऊन फळी काढायची आणि पेडल हातानंच वर ओढायचं. बऱ्याचदा ते स्वतः येत नाही. आठ-दहा वेळा करा, मध्ये मध्ये टाकी भरा. घाईनं पंप केलं तर हवेचा फेस होतो आणि मग तो निघता निघत नाही.

तरी पेडल मऊच असेल तर खालून वर. हवेला वरच जायचं असतं, आपण तिला उगाच खाली ढकलत असतो. जनावरांच्या औषधांच्या दुकानातून मोठी कोरी सिरिंज आणा, ऑइल भरा, नळीतली हवा आधी काढा आणि उघड्या निपलमधून हळूहळू आत ढकला. त्याआधी टाकीतलं ऑइल अर्ध्यावर आणा, नाहीतर ते उतू जाऊन बॉनेटखालचा रंग जाईल. टाकीत बुडबुडे आले की हवा निघाली. सिरिंजचं रबर नंतर फुगतं, ती परत वापरता येत नाही.

निपल आवळताना मनगटाचाच जोर लावा. तो आतून पोकळ असतो, मोडला तर सिलिंडर काढावा लागतो. रबरी टोपी परत बसवा, नाहीतर आपली धूळ भोक बुजवते. बाटलीतलं जुनं ऑइल परत टाकीत ओतू नका आणि गटारातही नको. ते विषारी आहे. वर नाव लिहून गॅरेजच्या जळक्या ऑइलवाल्याकडं द्या.

आता इंजिन चालू करून क्लच दाबा, चार-पाच सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. आवाज न होता पडला तर झालं. दुसऱ्या दिवशी गाडी बाहेर काढण्याआधी पेडल परत बघा. रात्रीत मऊ झालं असेल तर किट, म्हणजे सिलिंडरच्या आतली रबरं, बदलायची वेळ आलीय. स्लेव्हचं किट घरच्या घरी बदलता येतं. मास्टरसाठी पेडलखाली डोकं घालून उलटं झोपावं लागतं, ते काम मी गॅरेजलाच देतो.