परसातल्या मांगराचं खुराडं: बांधकाम आणि घरपट्टी

नारळाची सोडणं, जळण आणि मोडकी सायकल ठेवलेला परसातला मांगर (सामानाची खोली) रिकामा करून त्यात कोंबड्या ठेवायच्या असतील, तर एक गोष्ट पहिल्या दिवसापासून पक्की धरा: चौथरा वाढवायचा नाही, भिंती उघडायच्या. मांगर बांधलेला असतो सामान सुकं आणि बंद ठेवण्यासाठी. कोंबडीलाही सुकं लागतं, पण बंद चालत नाही. आणि गोव्यात पंचायत घरपट्टीसाठी बघते ते बांधकामाचं क्षेत्रफळ आणि त्याचा वापर. त्यामुळे चौथरा आहे तेवढाच राहिला की कोंबड्यांचंही भलं होतं आणि कागदपत्रांचा घोळही कमी होतो.

खाली १० बाय ८ फुटांचा चिऱ्याचा (जांभ्या दगडाचा) मांगर धरून माप दिलं आहे. दाराजवळची २० चौरस फूट जागा खाद्य आणि झाडू-घमेल्यासाठी सोडली, की उरलेल्या ६० चौरस फुटांत १२ कोंबड्या आणि एक कोंबडा आरामात राहतात. यापेक्षा जास्त भरू नका. गर्दी झाली की एकमेकांची पिसं उपटणं सुरू होतं, आणि एकदा लागलेली ती सवय सहजासहजी सुटत नाही.

आधी कागद

हातोडा हातात घेण्याआधी घरपट्टीची शेवटची पावती काढा आणि मांगर त्यात धरला आहे का ते बघा. पावतीवरच्या घर क्रमांकावरून एवढं कळत नाही, म्हणून पंचायतीत जाऊन त्या क्रमांकापुढे किती क्षेत्रफळ आणि कोणता वापर नोंदलेला आहे ते सचिवांकडून पाहून घ्या. त्याच वेळी जमिनीचा एक-चौदाचा उतारा आणि सर्व्हेचा नकाशाही काढा. जुने मांगर कधी नकाशावर दिसतात, कधी नाही. दिसत नसेल तर नवीन काम काढण्याआधीच तो प्रश्न सोडवा, कारण कामाचा आवाज झाला की तक्रार होते आणि मग जुनं बांधकामही नवं ठरवलं जातं.

गावात घरपट्टी आणि बांधकाम परवाना दोन्ही १९९४ च्या गोवा पंचायत राज कायद्याखाली येतात. परवान्याचं कलम ६६. म्हापसा, मडगावसारख्या शहरांत १९६८ चा नगरपालिका कायदा लागतो, पणजीला महापालिकेचा २००२ चा वेगळा कायदा आहे. भिंतीत झरोके काढणं किरकोळ वाटतं, तरी चिऱ्याची भिंत फोडण्याआधी साध्या कागदावर अर्ज द्या: मांगराची लांबी-रुंदी, चौथरा वाढत नाही हे वाक्य, घरच्या वापरासाठी किती कोंबड्या, आणि हाताने काढलेला आराखडा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय पंचायतीतून बाहेर पडू नका. तोंडी ‘करा, काही होत नाही’ याला उद्या कोणी विचारत नाही.

घरच्यापुरती अंडी काढणं वेगळं आणि फलक लावून विकणं वेगळं. रोज गिऱ्हाईक यायला लागलं की वापर व्यावसायिक धरला जाऊ शकतो. मग घरपट्टीचा दर, पंचायतीचा धंद्याचा परवाना, विजेचा घरगुती मीटर, सगळेच प्रश्न एकदम उभे राहतात. आयकरातही कोंबडीपालनाची मिळकत शेतीची म्हणून सुटत नाही, ती धंद्याची मिळकत ठरते.

आणखी एक गैरसमज गोव्यात फार खोल रुजलेला आहे: घर क्रमांक मिळाला, पट्टी भरली, म्हणजे बांधकाम कायदेशीर झालं. तसं होत नाही. पावती पट्टी भरल्याचा पुरावा आहे, परवान्याचा किंवा मालकीचा नाही. म्हणून मांगराला स्वतंत्र घर क्रमांक घेण्याच्या भानगडीत पडू नका. दुसरी पट्टी मात्र लागेल. उलट, मोडकळीस आलेला दुसरा एखादा मांगर पाडला असेल तर त्याची नोंद कमी करण्याचा अर्ज आठवणीने द्या, नाहीतर नसलेल्या भिंतींची पट्टी वर्षानुवर्षं येत राहते. घर मुंडकारीचं, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर वसलेलं, असेल तर भाटकाराशी (जमीनमालकाशी) आधी बोला. किनाऱ्याजवळच्या वाड्यांना सीआरझेडचे (किनारपट्टीवरच्या बांधकामाचे) नियमही लागतात. तिथे पंचायतीचा होकार पुरत नाही.

भिंती आणि छप्पर

काम दिवाळीनंतर काढा. मेअखेरपर्यंत ओढलं तर जमिनीवरचं काँक्रीट मिरगाआधी नीट सुकत नाही.

मांगर झाडून झाला की जमीन बारकाईने बघा. जिथे खत, कीटकनाशक किंवा इंजिनचं तेल ठेवलेलं होतं तिथली वरची चार-सहा इंच माती काढून टाका. कोंबडी चोच मारून पहिली तीच खाते. मग तीन इंचांचं काँक्रीट घाला. ८० चौरस फुटांना १:३:६ च्या (सिमेंट, रेती, खडी) मिश्रणात अडीच ते तीन पोती सिमेंट लागतं. शेणाने सारवलेली जमीन पावसात ओल धरते आणि घूस खालून बीळ काढते, म्हणून हा खर्च वाचवू नका. चौथरा अंगणापासून किमान एक फूट उंच हवा.

झरोके लांब भिंतींत काढा. प्रत्येक भिंतीत तीन बाय तीन फुटांचे दोन, जमिनीपासून अडीच फुटांवर, मध्ये किमान दोन फूट भिंत शिल्लक, वर लिंटेल, म्हणजे भार पेलणारी आडवी तुळई. लिंटेलशिवाय चिरे काढले तर वाशांचा भार उरलेल्या चिऱ्यांवर येतो आणि पहिल्याच पावसात भेग पडते. पश्चिम आणि नैर्ऋत्येची बाजू शक्यतो बंदच ठेवा, पाऊस तिथूनच आत मारतो. पागोळी निदान अडीच फूट बाहेर काढा.

झरोक्यांना अर्धा इंची वेल्डेड जाळी लावा. बाजारात ‘कोंबड्यांची जाळी’ म्हणून मिळणारी षटकोनी जाळी कोंबडी आत ठेवते, पण मुंगसाला बाहेर ठेवत नाही; दातांनी ती ताणली जाते आणि लहान धामण सरळ आत येते. चार झरोक्यांना ३६ चौरस फूट जाळी लागते. कडेला दोन-दोन इंच जास्त धरा आणि पट्टीखाली दाबून स्क्रू मारा, नुसत्या खिळ्यांवर भरवसा ठेवू नका. कौलारू छपराला वाशांखालूनही हीच जाळी लावा. कांडेचोर (उदमांजर) कौल सरकवून उतरतो आणि एका रात्रीत अख्खं खुराडं संपवतो. पत्रा असेल तर उन्हाळ्यात वर माडाची विणलेली झापं टाका. सिमेंटच्या जुन्या ॲस्बेस्टॉस पत्र्यांना मात्र भोकं पाडू नका, कापू नका. ती धूळ फुप्फुसात जाते.

पावसाच्या झोताला ताडपत्री लावायची ती झरोक्याच्या तळाला बांधून वर ओढायची, आणि वरचा फूटभर भाग मोकळा सोडायचा. वरून खाली सोडलेली ताडपत्री आतला अमोनिया कोंडते. सकाळी दार उघडल्यावर डोळ्यांना झोंबलं तर समजा, कोंबड्यांना रात्रभर ते झोंबत होतं.

आतली मांडणी

बसायला पोफळीचे किंवा जाड बांबूचे वासे, दोन इंच व्यासाचे, कडा गोल केलेले. प्रत्येकीला नऊ इंच धरले की तेरा जणांना दहा फूट लागतात: पाच-पाच फुटांच्या दोन रांगा, एकाच उंचीवर, मध्ये सव्वा फूट. गावठी कोंबड्या कितीही उंच चढतात, पण वनराजासारख्या जड जातीला दीड-दोन फुटांपेक्षा उंच नको, उडी मारून तळपाय सुजतात. अंड्यांसाठी एक फूट लांब-रुंद अशा तीन पेट्या, काळोख्या कोपऱ्यात, वाशांपेक्षा खाली. पेटी वर असली तर कोंबड्या तिच्यातच झोपतात आणि अंडी घाणीत पडतात.

जमिनीवर तीन इंच भाताचं तूस पसरा, तीन-चार पोती पुरतात. पावसाळ्यात रोज एक मूठ तूस उचलून घट्ट दाबा. हात उघडल्यावर ते सुटलं तर ठीक. लाडवासारखा गोळा राहिला तर ते ओलं आहे: वरचा थर काढा, चुना भुरभुरवा, कोरडं तूस टाका. ओल्या तुसात रक्ती हगवणीचे जंतू वाढतात आणि पिल्लं दोन-तीन दिवसांत जातात. बहुतेक वेळा ओल छपरातून येत नाही, पाण्याच्या भांड्यातून सांडते. भांडं विटेवर, कोंबडीच्या पाठीच्या उंचीला ठेवा.

खाद्य प्रत्येकीला रोज सुमारे १२० ग्रॅम, म्हणजे ५० किलोचं पोतं महिनाभर जातं. जून ते सप्टेंबर २५ किलोचंच आणा. बुरशी लागलेलं खाद्य उन्हात वाळवून देऊ नका, त्यातलं विष वाळवून जात नाही. कवच पातळ येत असेल तर तिसऱ्यांच्या शिंपल्या भाजून कुटून वेगळ्या भांड्यात ठेवा.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेला पक्षी थेट आत सोडू नका. तीन आठवडे वेगळा ठेवा. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस, पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या. दोन-तीन पक्षी एकाच दिवशी मेले तर पुरून टाकण्याआधी तिथे कळवा.

नव्या खुराड्यात पहिले चार दिवस कोंबड्या पूर्ण बंद ठेवा, खाद्य-पाणी आतच. पाचव्या दिवशी सूर्य मावळायच्या तासभर आधी दार उघडा. काळोख पडायच्या आत त्या आपल्याआपण परत येतात, तेव्हा मोजा आणि दोन्ही कड्या लावा.