क्रोटनची पानं नुसती हिरवी येत असतील तर: माझा अनुभव

क्रोटन म्हणजे रंगीबेरंगी पानांचं शोभेचं झाड. त्याचं कोवळं पान बऱ्याच जातींत हिरवट-पिवळंच असतं, लाली पान जून झाल्यावर चढते. माझ्याकडे पानं जून होऊनही हिरवीच राहत होती. कीड नाही, मर (कोमेजण्याचा रोग) नाही, झाड एकदम ठणठणीत.

कुंडी बदलली, गांडूळखत घातलं, नत्र जास्त असलेलं द्रवखत दिलं. द्रवखताने पानं मोठी झाली आणि आणखीच हिरवी! वैताग आला.

कारण उजेडाचं निघालं. सावलीत पानात हरितद्रव्याचाच जोर राहतो, लाल-पिवळे रंग मागे पडतात.

लागू पडलं ते याच क्रमाने:

आधी खत पूर्ण बंद. मग कुंडी सकाळच्या कोवळ्या उन्हात तासभर, आणि दर आठवड्याला थोडं वाढवत ४-५ तासांपर्यंत. ही घाई अजिबात नको. एकदम कडक उन्हात ठेवलं तर पानं करपतात, जागा अचानक बदलली की गळतातही. नवे फुटवे दिसल्यावरच लांबलेल्या हिरव्या फांद्या पेराच्या जरा वर छाटायच्या. हातमोजे घाला, कारण चीक कातडीला झोंबतो आणि कपड्यावरचा डाग निघत नाही. पाणी वरची इंचभर माती सुकल्यावरच.

जुन्या हिरव्या पानांकडून फार आशा धरू नका, रंग नव्या पानांत येतो. आणि जागेत ऊन येतच नसेल तर क्रोटनचा हट्ट सोडून चंदेरी पानांचा अग्लोनेमा लावा, तो सावलीतही छान दिसतो.