कमी खर्चात गेमिंगसाठी रॅम वाढवताना

गेम अडखळतो म्हणून थेट मुंबईतील संगणक बाजार, लॅमिंग्टन रोड गाठण्याआधी, गेम चालू ठेवून विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरी, म्हणजेच रॅम, किती भरते ते पाहावे. ती जवळजवळ पूर्ण भरत नसेल, तर अडचण बहुधा ग्राफिक्स कार्डात किंवा प्रोसेसरमध्ये असते आणि नव्या रॅमने फारसा फरक पडत नाही. किती स्लॉट (रॅमच्या पट्ट्या बसवायच्या खाचा) वापरात आहेत आणि सध्याचा वेग किती आहे, हेही तिथेच दिसते. डीडीआर४ या पिढीच्या रॅमची पट्टी डीडीआर३ किंवा डीडीआर५च्या स्लॉटमध्ये बसत नाही, त्यामुळे मदरबोर्डचे मॉडेल लिहूनच दुकानात जावे.

८ जीबीची एकच पट्टी असेल आणि दुसरा स्लॉट रिकामा असेल, तर तशीच दुसरी पट्टी जोडणे सर्वांत किफायतशीर ठरते, कारण एकूण १६ जीबी मेमरी मिळतेच, शिवाय ड्युअल चॅनेल, म्हणजे दोन्ही पट्ट्यांचा एकाच वेळी वापर, सुरू होते. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकात हा फायदा विशेष जाणवतो, कारण प्रोसेसरमधील ग्राफिक्स हीच मेमरी वापरतात. वेगवेगळ्या वेगाच्या पट्ट्या एकत्र लावल्यास दोन्ही त्यांतील संथ पट्टीच्या वेगाने चालतात, म्हणून जुन्या पट्टीच्या जोडीला महागडी वेगवान पट्टी घेण्यात अर्थ नाही. रंगीत दिव्यांच्या पट्टीने तर फक्त खोली उजळते.

वापरलेली पट्टी लॅमिंग्टन रोडलगतच्या ग्रँट रोड परिसरात स्वस्त मिळू शकते, मात्र बदलून देण्याची मुदत बिलावर लिहून घ्यावी आणि त्या मुदतीतच मेमटेस्ट८६ हा मेमरी तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवून ती तपासावी.